विमानाचा सिम्युलेटर उतरताना अडखळतो? ग्राफिक्स कार्ड घेण्याआधी हे तपासा

आकाशात सगळं सुरळीत, पण मोठ्या शहराच्या विमानतळावर उतरताना चित्र अडखळायचं. इमारती आधी धूसर दिसायच्या, मग उशिरा स्पष्ट व्हायच्या. सरासरी फ्रेम रेट (सेकंदाला दिसणारी चित्रं) मात्र चांगला.

ड्रायव्हर पुन्हा टाकला, रॅम १६ ची ३२ जीबी केली, सावल्या कमी केल्या. ढिम्म फरक नाही; डोकं फिरायची वेळ आली.

मग टास्क मॅनेजर उघडलं, परफॉर्मन्समध्ये जीपीयू (ग्राफिक्स कार्डाची चिप) निवडलं आणि खेळ चालू ठेवून तेच लँडिंग पुन्हा केलं. 'डेडिकेटेड जीपीयू मेमरी' कार्डाच्या ६ जीबीला टेकलेली, आणि अडखळताना 'शेअर्ड' चढत होती. टेक्स्चर्स (इमारती-जमिनीवर चढवलेली चित्रं) कार्डात मावत नव्हती, साध्या रॅममधून यायची. खात्रीसाठी टेक्स्चर एक पायरी खाली आणून खेळ पुन्हा सुरू केला. अडखळणं गेलं. (तेवढ्यावर भागत असेल तर खर्च करूच नका.)

मेमरी मोकळी आणि जीपीयूचा वापर अर्ध्यावरच घुटमळत असेल, तर बहुधा प्रोसेसर (सीपीयू) कमी पडतोय. तिथे एकूण सीपीयूचा आकडा फसवतो. सिम्युलेटरचा मुख्य भार बऱ्याचदा प्रोसेसरच्या अनेक कोअरपैकी एकावरच असतो.

मला पूर्ण टेक्स्चर हवं होतं, म्हणून आरटीएक्स ३०६० घेतलं, १२ जीबीचंच. याच नावाचं ८ जीबीचंही येतं, आणि त्याची मेमरी बस (मेमरीतून माहिती येण्या-जाण्याची वाट) १९२ ऐवजी १२८ बिटची असते. दुकानात खोकं वाचूनच पैसे द्या. कार्ड १७० वॅटचं आहे. एसएमपीएस (कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा) ५५० वॅटचा तरी हवा.