खान्देशात मीडियम फॉरमॅटसाठी वाइड लेन्स निवडताय? या चुका टाळा

नजर पोचेल तिथवर सपाट काळी जमीन, मधून वाहणारी तापी आणि उत्तरेला सातपुड्याची न संपणारी रांग. खान्देशातलं एवढं मोकळं रान बघितलं की वाटतं, जेवढी वाइड (रुंद कोनाची) लेन्स मिळेल तेवढी बरी. मीडियम फॉरमॅटचा, म्हणजे फुलफ्रेमच्या ३६ × २४ एमएमपेक्षा मोठ्या सेन्सरचा किंवा फिल्मचा, कॅमेरा घेतल्यावर पहिली लेन्स बहुतेक जण याच हिशेबाने घेतात. हा हिशेब चुकीचा आहे, आणि मीडियम फॉरमॅटच्या किमती बघता चांगलाच महागात पडतो.

डोंगर लांब असताना सगळ्यात वाइड लेन्स लावणं

समजा, तुम्ही फैजपूर-सावद्याकडच्या शिवारात उभे आहात. समोरचा डोंगर बारा किलोमीटरवर आहे आणि जमिनीपासून पाचशे मीटर उंच आहे. फुजीच्या जीएफएक्स या मीडियम फॉरमॅट कॅमेऱ्यावर २३ एमएम फोकल लेंग्थची लेन्स लावली (आकडा लहान तेवढा कोन रुंद) तर त्या डोंगराची सेन्सरवरची उंची जेमतेम १ एमएम भरते. सेन्सर आहे ३३ एमएम उंच. म्हणजे डोंगराची एक बारीक रेघ, बाकी सगळं आभाळ आणि ढेकळं. ४५ एमएमने तोच डोंगर २ एमएमपर्यंत जातो, ११० एमएमने साडेचारच्या पुढे. तेव्हा फोटोचा विषय सातपुडा असेल तर वाइड लेन्सचा विचारच सोडा. तिथे नॉर्मल किंवा टेली (लांबचं जवळ आणणारी) लागते.

वाइड लेन्स जवळच्या वस्तूला मोठेपणा देते आणि लांबच्या वस्तूला मागे ढकलते. म्हणून लेन्स घेण्याआधी स्वतःला एकच विचारा: माझ्यापासून दोन-तीन मीटरवर बघण्यासारखं काय असणार आहे? हतनूर धरणाचं पाणी उन्हाळ्यात ओसरल्यावर काठाला उघडी पडलेली भेगाळ माती असेल, तर वाइड लेन्स हवीच. तोरणमाळला सीताखाईच्या कडेवर उभं राहून पायाखालचा कडा आणि समोरची दरी एकाच फ्रेममध्ये घ्यायची असेल, तरी हवी. आणि धुळे-नंदुरबारकडच्या डाइक्ससाठी तर हवीच हवी. बेसॉल्टच्या थरांना पडलेल्या भेगांत लाव्हा शिरून थिजला, आजूबाजूचा खडक झिजला आणि या काळ्या भिंती जमिनीवर उभ्या राहिल्या. काही तर कित्येक किलोमीटर लांब जातात. अशा भिंतीच्या टोकाशी गुडघ्यावर बसून २३ किंवा ३० एमएम लावा; भिंत तुमच्या पायापासून निघून थेट क्षितिजाला भिडते. माझ्या मते खान्देशात वाइड लेन्सला याहून चांगला विषय नाही, आणि त्याकडे फारसं कुणी बघतही नाही.

फुलफ्रेमचे आकडे जसेच्या तसे वापरणं

४४ × ३३ एमएमच्या सेन्सरवर लेन्स फुलफ्रेमच्या कुठल्या लेन्ससारखी दिसेल हे कळायला तिची फोकल लेंग्थ साधारण ०.७९ ने गुणायची. म्हणजे २३ एमएम फुलफ्रेमच्या १८ सारखी, ३० एमएम २४ सारखी आणि ४५ एमएम ३५-३६ सारखी. फिल्मवर ६ × ७ वापरत असाल तर आकडे अजून बदलतात. मामिया आरबी६७ वर ५० एमएम म्हणजे जवळपास २४, आणि ६५ म्हणजे ३२.

पण हा गुणाकार कर्णाच्या मापावर चालतो, आणि फ्रेमचा आकार तर वेगळा आहे. फुलफ्रेम ३:२, जीएफएक्सची ४:३. त्यामुळे रुंदीत थोडं कमी मिळतं आणि उंचीत जास्त. २३ एमएम रुंदीला १९ सारखी वागते, उंचीला १७ सारखी. सपाट मुलखात ही जास्तीची उंची म्हणजे जास्तीचं रिकामं आभाळ. अशा वेळी १०० मेगापिक्सेलच्या बॉडीवर ६५:२४ चा क्रॉप करा. पन्नासेक मेगापिक्सेल तरीही हातात राहतात, आणि तापीचं पात्र पॅनोरमात नीट बसतं.

अॅडॉप्टरवर स्वस्तात भागवणं

फुलफ्रेमची वाइड लेन्स अॅडॉप्टरने लावली तर बहुतेक वेळा कोपरे काळे पडतात किंवा चिंधी झाल्यासारखे दिसतात. तिचं प्रतिमावर्तुळ ४३ एमएम कर्णासाठी आखलेलं असतं, आणि इथे कर्ण आहे ५५ एमएम. जुन्या ६४५ (६ × ४.५ सेंमी फिल्मच्या) सिस्टिमची ४५ एमएम पूर्ण सेन्सर झाकते, पण ती इथे ३५-३६ सारखीच दिसते. खरी वाइड हवी असेल तर या सेन्सरसाठी बनवलेलीच लेन्स घ्या.

सगळं शार्प हवं म्हणून एफ/२२ लावणं

तेवढाच कोन मिळवायला मीडियम फॉरमॅटवर जास्त फोकल लेंग्थ लागते, म्हणून एकाच अॅपर्चरला डेप्थ ऑफ फील्ड (शार्प दिसणाऱ्या अंतराचा पट्टा) कमी पडतं. मग हात आपोआप एफ/२२ कडे, म्हणजे लेन्सच्या अगदी बारीक छिद्राकडे, जातो. १०० मेगापिक्सेलच्या सेन्सरवर एफ/११ च्या पुढे डिफ्रॅक्शन (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरणं) दिसू लागतं, एफ/१६ ला बारीक तपशील मऊ पडतो आणि एफ/२२ ला तर एवढ्या पिक्सेलसाठी मोजलेले पैसे वाया जातात.

नेहमीचे हायपरफोकल तक्तेही (किती अंतरावर फोकस केला तर अनंतापर्यंत शार्प येईल ते सांगणारे) इथे दगा देतात. ०.०३ एमएमच्या सर्कल ऑफ कन्फ्यूजनवर, म्हणजे सेन्सरवरचा एवढा धूसर ठिपकाही शार्प धरून, बेतलेला तक्ता ३० एमएमला एफ/११ वर २.७ मीटर सांगेल. त्यावर विसंबलात तर मोठ्या प्रिंटमध्ये क्षितिज मऊ आलेलं दिसेल. अॅपर्चर एफ/११ च ठेवा, पण अंतर एफ/५.६ च्या रकान्यातलं घ्या, म्हणजे साधारण साडेपाच मीटर. मग पावणेतीन मीटरपासून अनंतापर्यंत सगळं खणखणीत येतं. त्याहूनही जवळचं हवं असेल तर फोकस ब्रॅकेटिंग करा, म्हणजे फोकस बदलत अनेक फ्रेम घेऊन नंतर जोडा. मात्र रावेर-यावलच्या केळीच्या बागेत ते जमेलच असं नाही. केळीचं पान जराशा वाऱ्याने हलतं, चिरलेलं पान तर सतत फडफडतं, आणि फ्रेम जोडताना एका पानाची तीन पानं होतात. वारा पडलेली थंडीतली पहाट गाठा, नाहीतर दोन पावलं मागे सरका.

पोलरायझर डोळे झाकून लावणं

२३ एमएम आडवी धरली तर जवळपास ८७ अंश दिसतं. पोलरायझर म्हणजे चमक कमी करणारा आणि आभाळ गडद करणारा फिल्टर. त्याचा परिणाम सूर्यापासून काटकोनात सर्वाधिक असतो, त्यामुळे आभाळात मधेच एक गडद निळा पट्टा उमटतो. केळीच्या पानांवरची चमक मारायला पोलरायझर उत्तम, फक्त तेव्हा आभाळ फ्रेममध्ये थोडंच ठेवा. फिल्टरचा खर्चही आधीच धरा: जीएफ २३ ला (जीएफएक्सच्या २३ एमएम लेन्सला) ८२ एमएमचा लागतो, जीएफ ३० ला ५८ चा. वजनही ८४५ ग्रॅमविरुद्ध ५१०. एकच वाइड घ्यायची असेल तर मी ३० सुचवेन. तोरणमाळच्या चढावर हा फरक खांद्याला कळतो.

दोष हवेचा आणि बोल लेन्सला

‘लांबचं मऊ येतंय, लेन्स खराब आहे’ ही तक्रार एप्रिल-मेमध्ये हमखास ऐकू येते. पारा ४४-४५ वर गेला की काळ्या जमिनीवरून झळा उठतात आणि त्यातून कुठलीही लेन्स शार्प दाखवू शकत नाही. तपासायचं असेल तर ट्रायपॉडवरून तीच फ्रेम लागोपाठ पाच-सहा वेळा घ्या आणि १०० टक्क्यांवर बघा. मऊ भाग दर फ्रेमला जागा आणि आकार बदलत असेल तर दोष हवेचा. पहाटे या, किंवा पावसाने हवा धुतल्यावर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये या.

लेन्सची खरी परीक्षा अशा स्वच्छ सकाळीच घ्या, विशेषतः सेकंडहँड असेल तर. लांबचं एक झाड किंवा टॉवर निवडा, अॅपर्चर पूर्ण उघडा, त्यावर फोकस करून मॅन्युअलवर लॉक करा. मग कॅमेरा फिरवत तेच झाड आळीपाळीने चारही कोपऱ्यांत घ्या. चारही कोपरे सारखेच थोडे मऊ असतील तर ती त्या डिझाइनची मर्यादा, एफ/८ ला बरीचशी जाते. एकच कोपरा वेगळा दिसत असेल तर पुन्हा फोकस करून सगळं एकदा परत करा. तोच कोपरा परत मऊ आला तर लेन्स डीसेंटर झालेली आहे, म्हणजे आतलं एखादं भिंग मध्यापासून सरकलेलं आहे. परतीची मुदत संपायच्या आत ती परत करा.