ट्रकची फाइल आणि विम्याचा हप्ता

इंदूरच्या देवास नाक्यावरचे आठ-दहा ट्रकांचे मालक विम्याची मुदत संपत आली की एजंटाला एवढेच विचारतात, "सगळ्यांत कमी कितीत होईल?" वर्षभर कागद नीट ठेवले असतील तर मालकाला आपल्या बाजूनेही काही मांडता येते. मात्र त्याआधी हप्त्याचा नेमका कोणता भाग कमी-जास्त होतो, हे ठाऊक असायला हवे.

थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या ट्रकमुळे दुसऱ्याच्या झालेल्या नुकसानीच्या विम्याचा, दर सरकार ठरवते. 1 जून 2022 पासून लागू झालेल्या दरपत्रकात 20 ते 40 टन एकूण वजनाच्या मालवाहू ट्रकसाठी तो 43,950 रुपये होता. चालक कितीही सांभाळून चालवणारा असला तरी त्यात एका रुपयाचीही सूट मिळत नाही. घासाघीस होते ती 'ओन डॅमेज'च्या, म्हणजे स्वतःच्या ट्रकच्या नुकसानीच्या विम्याच्या भागात, आणि तिथे मागचे क्लेम बोलतात. क्लेम न घेतल्यास नो क्लेम बोनस, म्हणजे या भागातली सूट, वर्षागणिक 20, 25, 35, 45 आणि 50 टक्के असा चढत जातो; एक क्लेम घेतला की तो शून्यावर येतो. समजा, ओन डॅमेजचा हप्ता 40,000 रुपये आहे आणि यंदा 45 टक्के सूट मिळणार आहे. अशा वेळी बंपरच्या 9,000 रुपयांच्या दुरुस्तीसाठी क्लेम टाकणारा मालक 18,000 रुपयांची सूट स्वतःच्या हाताने घालवतो. मुदत संपल्यावर 90 दिवसांत नूतनीकरण झाले नाही, तरीही हा बोनस जातो.

आता फाइलविषयी. फिटनेस (गाडी रस्त्यावर चालवण्यायोग्य असल्याचा दाखला), परमिट आणि चालकाचे लायसन्स यांच्या तारखा एकाच तक्त्यात लिहाव्यात. फिटनेस आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी करावा लागतो, त्यामुळे जुन्या गाड्यांची तारीख हमखास चुकते. परमिट किंवा योग्य लायसन्स नसताना अपघात झाला, तर कंपनी पीडिताला भरपाई देऊन ती रक्कम मालकाकडून वसूल करू शकते. हा फटका कोणत्याही हप्त्यापेक्षा मोठा असतो.

सर्वांत दुर्लक्षित कागद म्हणजे ब्रेकची नोंद. मुंबईकडे जाताना घाटाच्या उतारावर डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडली की सगळा भार ब्रेकवर येतो, लायनर (ब्रेकच्या घासणाऱ्या पट्ट्या) तापतात आणि ब्रेक लागेनासे होतात. म्हणून प्रत्येक ट्रकसाठी एक वही ठेवावी आणि तीत तारीख, किलोमीटर, कोणत्या चाकाचे लायनर बदलले हे लिहून मेकॅनिकचे बिल तिथेच चिकटवावे. वही एका बैठकीत, एकाच शाईने भरलेली असली की नुकसान तपासायला येणाऱ्या सर्व्हेअरच्या ते लगेच लक्षात येते, एवढे ध्यानात ठेवावे. बिल्टीसोबत (मालाच्या वाहतूक-पावतीसोबत) धर्मकाट्याची, म्हणजे ट्रकच्या वजनकाट्याची, पावतीही जोडावी, कारण जादा माल भरलेला आढळला की क्लेमवर वाद सुरू होतो.

मुदत संपण्याच्या दीड महिना आधी सध्याच्या कंपनीकडून तीन वर्षांच्या क्लेमचा लेखी तपशील मागवावा. चूक समोरच्या गाडीची होती अशा क्लेमना पोलिसांचे कागद जोडावेत आणि जीपीएसचा वेगाचा अहवाल सोबत द्यावा. मग निदान तीन कंपन्यांकडून कोटेशन घ्यावे आणि प्रत्येकात थर्ड पार्टी, ओन डॅमेज व सूट वेगवेगळी लिहून मागावी, कारण एकत्र रकमेत सूट खरोखर मिळाली की गाडीची विमा-किंमतच (विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत) खाली ओढली, हे कळत नाही.