जुन्या फोर-व्हील ड्राइव्ह गाडीचे पाटे ॲक्सलवर चढवून उंची वाढवताना : कामाची आखणी कशी करावी

अनेक जुन्या फोर-व्हील ड्राइव्ह (चारही चाकांना इंजिनाची ताकद पोचणाऱ्या) गाड्यांचे पुढचे आणि मागचे दोन्ही ॲक्सल अखंड नळीचे असून ते लीफ स्प्रिंगना, म्हणजेच पाट्यांना, यू-बोल्टने जखडलेले असतात. जीपची सीजे आणि वायजे मॉडेले किंवा सुझुकीची एसजे मालिका ही यांची परिचित उदाहरणे आहेत. या गाड्यांमध्ये पाटे ॲक्सलच्या नळीखालून जातात. तेच पाटे नळीच्या वरून नेले, तर नवे उंच पाटे न घेताही गाडी सुमारे पाच इंच वर उचलली जाते. शिवाय मूळचे मऊ पाटे कायम राहत असल्याने खडकाळ वाटेवर चाके मोकळेपणाने वर-खाली होतात, जे जास्त कमान दिलेल्या कडक पाट्यांना सहसा साधत नाही.

हे काम घरी करता येते. मात्र पाट्यांची जागा बदलणे हा त्यातला सर्वांत सोपा भाग आहे. खरा कस स्टिअरिंग, प्रोपेलर शाफ्ट (इंजिनाची ताकद ॲक्सलपर्यंत नेणारा दांडा) आणि ब्रेक यांच्या बदललेल्या मापांत लागतो, आणि नळीवर नव्या बैठकी, म्हणजे पाटे ज्यांवर टेकतात ते आधार, एकदा पक्क्या वेल्ड झाल्या की यातले बरेचसे कोन कायमचे ठरून जातात. म्हणून ग्राइंडर हातात घेण्यापूर्वी संपूर्ण आखणी कागदावर उतरवणे आवश्यक आहे. इतका मोठा बदल आपल्या भागातील वाहन नोंदणीच्या नियमांत आणि विम्याच्या अटींत बसतो का, हेही त्याच वेळी विचारून घ्यावे.

आधी गाडीची मोजमापे

गाडी सपाट जमिनीवर, नेहमीच्या वजनासह उभी करावी. विंच, जड बंपर किंवा जादा टाकी पुढे बसवायची असेल तर ती आताच बसवावी, कारण त्या वजनाने पाटे दबतात आणि कोन बदलतात. याच कारणासाठी पाट्यांची तपासणीही प्रथम करावी. तुटलेले पान, झिजलेले बुश, एका बाजूला बसलेली कमान हे दोष नव्या बैठकी लावण्यापूर्वी दूर करावेत, नाहीतर थकलेल्या पाट्यांवर जुळवलेले कोन पुढे पाटे बदलताच निरुपयोगी ठरतात.

उंची किती वाढेल हे चार मापांच्या बेरजेवरून कळते : नळीचा बाहेरील व्यास, पाट्यांच्या थराची जाडी, जुन्या बैठकीची उंची आणि नव्या बैठकीची उंची. समजा नळी ६५ मि.मी., पाट्यांचा थर ३८ मि.मी., जुनी बैठक १२ मि.मी. आणि नवी १५ मि.मी. आहे, तर वाढ १३० मि.मी., म्हणजे पाच इंचांहून किंचित अधिक होईल. येथे एक गैरसमज दूर करायला हवा. वाढलेली ही उंची चेसिस आणि बॉडीची आहे. डिफरन्शियलच्या, म्हणजे ॲक्सलच्या मधल्या गिअरच्या फुगीर घराच्या, पोटाखालची जागा केवळ मोठ्या टायरने वाढते. पाटे, यू-बोल्टची टोके आणि खालची प्लेट हे नळीखाली लोंबणारे भाग निघून जातात, हा फायदा मात्र खरा आहे आणि खडकांवर तो लगेच जाणवतो.

सध्याचे कोनही टिपून ठेवावेत. ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीच्या) दोन्ही आउटपुटचा कोन, दोन्ही पिनियनचे (शाफ्ट जोडला जातो त्या डिफरन्शियलच्या गिअरचे) कोन, पुढच्या ॲक्सलचा कास्टर (चाक ज्या आसावर वळते त्याचा मागे झुकलेला कोन), आणि बैठकींचे चेसिसच्या मध्यरेषेपासूनचे अंतर ही मापे नंतर कोठूनही मिळणार नाहीत.

स्टिअरिंगचा निर्णय सर्वांत आधी

पुढचा ॲक्सल चेसिसपासून १३० मि.मी. खाली गेला की पिटमन आर्मपासून (स्टिअरिंग बॉक्सवरील आर्म) नकलपर्यंत (चाकासह वळणारा भाग) जाणारी ड्रॅग लिंक तीव्र उतरणीची होते. अशी तिरपी लिंक चाक खड्ड्यात जाताच किंवा उंचवट्यावर चढताच आडवी सरकते, आणि चालकाने हात न हलवताही गाडी स्वतःहून वळू लागते. शिवाय आता पाटे नळीच्या वर आल्याने काही गाड्यांत दबलेला पाटा थेट लिंकलाच भिडतो.

केवळ लांब, खाली वाकवलेला पिटमन आर्म लावून हा प्रश्न सोडवण्याचा सल्ला वारंवार दिला जातो. तो मला पटत नाही, कारण त्याने स्टिअरिंग बॉक्सच्या शाफ्टवरील ताण वाढतो आणि एवढ्या मोठ्या उंचीची भरपाईही होत नाही. मूळची लिंक तापवून वाकवणे किंवा कापून जोडणे तर कटाक्षाने टाळावे, कारण ती तुटली की गाडीवरचा ताबाच सुटतो. योग्य मार्ग म्हणजे नकलच्या माथ्यावर उंच आर्म बसवून ड्रॅग लिंक, आणि गरजेनुसार दोन्ही चाकांच्या नकल जोडणारा टाय रॉडही, पाट्यांच्या वर नेणे, जेणेकरून लिंक पुन्हा जवळपास आडवी राहील. आपल्या ॲक्सलसाठी असे आर्म मिळतात का, आणि नकल त्यांच्यासाठी मशीनिंग करून घ्यावी लागते का, याचे उत्तर मिळेपर्यंत बाकीचे काम सुरू करू नये. गाडीला पॅनहार्ड रॉड (ॲक्सल आडवा सरकू न देणारा दांडा) असेल, तर त्याचे काय करायचे हेही येथेच ठरवावे.

शाफ्ट आणि पिनियनचे गणित

शाफ्ट जितका आखूड, तितका उंचीचा परिणाम जास्त. १३० मि.मी.च्या वाढीने एक मीटर लांबीच्या शाफ्टचा कोन सुमारे साडेसात अंशांनी वाढतो, तर अर्धा मीटर शाफ्टचा सुमारे पंधरा अंशांनी. दोन्ही टोकांना एकेरी युनिव्हर्सल जॉइंट (कोनात असतानाही फिरणारा सांधा) असलेल्या शाफ्टमध्ये पिनियन आणि ट्रान्सफर केसचे आउटपुट एकमेकांना समांतर ठेवावे लागते. तसे नसेल तर दर फेऱ्यात दोनदा होणारा वेगातील चढउतार एकमेकांत विरत नाही आणि गाडी थरथरते. ट्रान्सफर केसच्या टोकाला दुहेरी जॉइंट (लागोपाठ दोन सांधे) असेल तर पिनियन शाफ्टच्या रेषेत वर वळवावा आणि मागच्या ॲक्सलवर तो त्या रेषेपेक्षा एक-दोन अंश खाली ठेवावा, कारण जोर लागताच तो वर उचलला जातो. पिनियन फार वर वळवला तर त्याच्या बेअरिंगपर्यंत पुरेसे तेल पोचते का, याकडे लक्ष द्यावे. अंतर वाढल्यामुळे शाफ्टचे सरकते स्प्लाइन (लांबी कमी-जास्त होऊ देणाऱ्या खाचा) बाहेर निघत नाहीत ना, हे ॲक्सल पूर्ण खाली लोंबलेला असताना मोजावे.

पुढच्या ॲक्सलवर मात्र एक अडचण येते. नळी अखंड असल्याने पिनियन एक अंश वर वळवला की कास्टर एक अंशाने कमी होतो, आणि कास्टर कमी झालेली गाडी वेगात भरकटते. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीत माझ्या मते कास्टरलाच प्राधान्य द्यावे आणि पुढच्या शाफ्टचा कोन दुहेरी जॉइंटने सांभाळावा. नळीच्या टोकांचे वेल्ड कापून नकलचे धारक फिरवणे हा पूर्ण उपाय असला, तरी ते काम अनुभवी वर्कशॉपचे आहे.

बैठकी बसवणे

बैठकींची रुंदी पाट्याच्या रुंदीइतकी आणि मधले भोक पाने एकत्र धरणाऱ्या सेंटर बोल्टच्या डोक्याला नेमके बसणारे असावे. सुरुवातीला फक्त टॅक (छोटे तात्पुरते वेल्ड) मारावेत, यू-बोल्ट हलके आवळावेत, गाडी चाकांवर पूर्ण वजनाने उतरवावी आणि सर्व कोन पुन्हा मोजावेत. आकडे जुळल्याशिवाय पक्का वेल्ड करू नये. वेल्ड करताना लहान टप्पे आलटून पालटून दोन्ही बाजूंना घ्यावेत आणि मध्ये नळी थंड होऊ द्यावी. सलग उष्णतेने नळी वाकते आणि टोकाजवळील ऑइल सील जळते. बैठक डिफरन्शियलच्या ओतीव भागावर येत असेल तर ते वेल्डिंग जाणकार वेल्डरकडूनच करून घ्यावे. बॅटरीची केबल काढावी, इंधनाची टाकी दूर करावी, आणि गाडी नेहमी चेसिसखालच्या भक्कम स्टँडवर ठेवावी. यू-बोल्ट नवेच घ्यावेत.

पाटे जमिनीपासून उंचावल्यामुळे आणि टायर मोठे झाल्यामुळे एक्सलरेटर दाबताच ॲक्सल पाट्यांना इंग्रजी एस आकारात मुरडतो. शाफ्टचे जॉइंट बहुधा अशा वेळीच तुटतात. मागच्या ॲक्सलला एक टॉर्क बार (ही मुरड रोखणारा दांडा) जोडावा. त्याचे पुढचे टोक चेसिसला झुलत्या शॅकलने (कडीने) धरलेले असावे, म्हणजे ॲक्सलची हालचाल अडत नाही.

ब्रेक, शॉक आणि चाचणी

चाक पूर्ण खाली आणि स्टिअरिंग पूर्ण वळवलेले असतानाही ताणले जाणार नाहीत एवढ्या लांबीचे ब्रेक होज घ्यावेत. मागच्या ब्रेकला भार ओळखणारा व्हॉल्व्ह असेल तर त्याची काडी वाढलेल्या उंचीइतकी जुळवावी लागते. तसे न केल्यास व्हॉल्व्ह गाडी रिकामी समजतो आणि मागच्या चाकांचा दाब घटवतो. हँडब्रेकची केबल आणि ॲक्सलच्या ब्रीदरची (आतली हवा बाहेर सोडणारी) नळीही तपासावी. शॉक ॲब्सॉर्बरची लांबी पूर्ण दबलेल्या आणि पूर्ण लोंबलेल्या अशा दोन्ही स्थितींत मोजून ठरवावी. बंप स्टॉप वाढवावेत, म्हणजे शॉक तळाला टेकण्यापूर्वी आणि टायर बॉडीला घासण्यापूर्वी ॲक्सल थांबेल.

शेवटी एकाच बाजूचे चाक उंच चढवून, नंतर दुसऱ्या बाजूचे चढवून, प्रत्येक होज, लिंक आणि शाफ्टजवळ प्रत्यक्ष वाकून पाहावे. गुरुत्वमध्य वर गेल्याने वळणावर गाडी आधीपेक्षा लवकर कलते, म्हणून पहिली फेरी मोकळ्या जागेत, कमी वेगात घ्यावी आणि ब्रेक अनेकदा लावून पाहावेत. शंभर किलोमीटरच्या आत सर्व यू-बोल्ट ठरलेल्या टॉर्कला पुन्हा आवळावेत, बैठकींच्या वेल्डवर बारीक तडे आहेत का ते पाहावे, आणि त्यानंतर व्हील अलाइनमेंट करून घ्यावी.