उंट गमावला, तरी डाव जिंकला

बुद्धिबळाच्या डावात, रुय लोपेझ या सुरुवातीच्या प्रकारात, आठव्या खेळीला मी वजिराने डी-४ चं प्यादं घेतलं आणि चूक तिथेच झाली. प्रतिस्पर्ध्याने प्यादं सी-५, मग सी-४ ला ढकललं, आणि बी-३ वरचा माझा उंट त्याच्या प्याद्यांत अडकला. यालाच नोहाज आर्क सापळा म्हणतात. १९२९ साली बुडापेस्टला एंद्रे स्टायनर हे खेळाडू माजी विश्वविजेते कापाब्लांका यांच्यासमोर यातच सापडले होते. उंटाच्या बदल्यात मला फक्त दोन प्यादी मिळाली.

पूर्वी अशा वेळी मी घाईने हल्ला करायचो आणि आणखी हरायचो. या वेळी पाणी प्यायलो आणि पट नव्याने पाहिला, जणू डाव इथूनच सुरू होतोय. तेव्हा प्रतिस्पर्ध्याचं डी-६ चं एकटं प्यादं दिसलं. त्याला दुसऱ्या प्याद्याचा आधार मिळणारच नव्हता. मी किल्लेकोट केला (राजा सुरक्षित कोपऱ्याकडे नेला), वजिरांची अदलाबदल टाळली (मागे असताना हे फार महत्त्वाचं), दोन्ही हत्ती डी या उभ्या पट्टीवर आणले आणि उंट एफ-४ वर. डी-६ पडलं, त्यात दोघांचेही काळ्या घरांवरून चालणारे उंट गेले.

तो निर्धास्त झाला होता. वजीर बी-२ चं प्यादं खायला गेला, घोडा जी-४ वर. मागच्या ओळीत सी-८ वर एकच हत्ती राहिला आणि राजासमोरची तिन्ही प्यादी जागची हललेली नव्हती, म्हणजे राजाला पळायला जागाच नव्हती. मी हत्ती डी-८ ला नेऊन शह दिला. त्याने तो घेतला, माझ्या दुसऱ्या हत्तीने त्याचा हत्ती घेतला. मात!