विदर्भाच्या जंगलातील एका हंगामापासून पुरातत्त्वाची सुरुवात

पुरातत्त्वात येऊ इच्छिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा उत्खननाचा खड्डा असतो. नवख्याच्या वाट्याला मात्र आधी सर्वेक्षण येते, आणि विदर्भात त्याचा अर्थ सागाचे जंगल आणि त्याच्या कडेची शेते पायी पालथी घालणे असा होतो. नागपूरजवळच्या जुनापाणी येथे सुमारे ३०० बृहदश्मयुगीन शिलावर्तुळे, म्हणजे प्राचीन दफनांभोवती मोठे दगड मांडून केलेली रिंगणे, आहेत. माहुरझरी येथे दफनांत माणसांबरोबर घोडे सापडले, तर नायकुंड येथे लोखंड गाळण्याची भट्टी मिळाली. ही सर्व स्थळे आधी कोणीतरी चालत जाऊन पाहिली आणि नोंदवली होती, खोदकाम त्यानंतरचे.

अशा हंगामात शिरण्याचा सरळ मार्ग विद्यापीठातून जातो. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात किंवा नागपूर विद्यापीठाच्या प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती व पुरातत्त्व विभागात पदव्युत्तर अभ्यासक्रम आहेत. प्रवेशाआधीच काम पाहायचे असल्यास, ज्यांचे सर्वेक्षण चालू आहे अशा प्राध्यापकांना किंवा पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना सप्टेंबरच्या सुमारास पत्र लिहावे आणि त्यात ‘मला इतिहासाची आवड आहे’ यापेक्षा आपण नकाशा वाचू शकतो, रोज पंधरा किलोमीटर चालू शकतो, रेखाटन करू शकतो हे सांगावे. मानधनाची अपेक्षा बेताचीच ठेवावी. जेवण, मुक्काम आणि प्रवासखर्च निघाला तरी पहिल्या हंगामाला ते पुरेसे मानावे.

परवानग्यांच्या बाबतीत ढिलाई चालत नाही. अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात जाण्यासाठी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार परवाना लागतो, इतर वनक्षेत्रातही वनविभागाची लेखी संमती घेऊनच उतरावे, आणि परवान्याविना खोदणे, मग ते कुदळीचे चार घाव का असेनात, पूर्णपणे वर्ज्य समजावे. स्थळावरचे मणी किंवा खापरे आठवण म्हणून खिशात घालणाऱ्याला पुन्हा कोणी बोलावत नाही.

हंगामाची निवड जमिनीकडे पाहून करावी. पावसाळ्यानंतर लगेच गवत कमरेएवढे असते. फेब्रुवारीत सागाची पाने गळून नजर दूरवर पोहोचते आणि दगडांची वर्तुळे ओळखू येतात, पण त्याच वेळी पायाखालची जमीन पाचोळ्याने झाकली जाते. म्हणून खापरे आणि दगडी अवजारे शोधताना नाल्यांचे कापलेले काठ, बैलगाडीच्या वाटा आणि नांगरटीच्या कडा पाहाव्यात. बसाल्ट खडकाचे थर सालीसारखे सुटून नैसर्गिक गोटेही उघडे पडतात, तेव्हा चार गोटे जवळ दिसले की शिलावर्तुळ सापडले असे मानण्याची घाई करू नये.

वर्तुळ खरे असल्यास आधी त्याच्या केंद्रावर टेप धरून उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम असे दोन्ही व्यास मोजावेत, मग उभे, कललेले आणि हललेले दगड वेगवेगळे मोजावेत. जुनापाणीच्या काही दगडांवर कोरलेले छोटे वाटीसारखे खळगे आहेत. ते भर दुपारी दिसत नाहीत, सकाळच्या तिरप्या उन्हात दिसतात. जीपीएसचे वाचन लिहिताना त्याची आधारप्रणालीही (डेटम, म्हणजे अक्षांश-रेखांश ज्या मापनचौकटीवर मोजले ती) लिहावी, नाहीतर पुढच्या वर्षी तेच वर्तुळ नकाशावर भलत्याच जागी उमटते. गोळा केलेल्या खापरांच्या पिशव्यांत घालायच्या चिठ्ठ्या पेन्सिलीनेच लिहाव्यात. माझ्या पहिल्या हंगामात मी शाईच्या पेनाने लिहिलेल्या चिठ्ठ्या एका अवकाळी सरीत फिसकटल्या आणि खापरांच्या तीन पिशव्या निनावी झाल्या. स्थळ माहीत नसलेल्या खापराचा अभ्यासाला जवळजवळ काहीच उपयोग नसतो.

वाट दाखवणाऱ्या गावकऱ्याला किंवा वनरक्षकाला ‘प्राचीन अवशेष कुठे आहेत’ असे विचारू नये. नांगराला कुठे खापरे लागतात, कोणत्या दगडांना शेंदूर लावतात, गुरे चारताना दगडांचे गोल रिंगण कुठे दिसते, असे विचारल्यास एका दुपारी आठवड्याचे काम होते. पूजेतल्या दगडाजवळ चपला काढाव्यात आणि फोटो विचारूनच घ्यावा.

मार्चनंतर ऊन वाढले की खापरे धुणे, प्रत्येकावर स्थळक्रमांक लिहिणे आणि कडांची रेखाटने करणे हे बैठे काम सुरू होते, आणि बरेच जण तेव्हाच गळतात. तेवढे निभावून आपली नोंदवही स्वच्छ उतरवून गटप्रमुखाकडे दिली, तर पुढच्या सप्टेंबरात पत्र लिहायची गरज बहुधा उरत नाही, फोन तिकडूनच येतो.