परदेशात ‘ओरिजिनल’ म्हणून घेतलं आणि नकली निघालं, तर

माझं माहेर पैठणचं. घरात हातमाग होता, त्यामुळं कापड हातात आलं की आधी उलटं करून बघायची सवय लहानपणीच लागली. हातमागावरच्या पैठणीचा पदर मागून-पुढून जवळजवळ सारखाच दिसतो. यंत्रमागावरच्या पदरामागं धागे लोंबतात, नाहीतर कापून टाकलेले असतात. एका पदरासाठी वडील किती दिवस मागावर बसायचे हे डोळ्यांनी बघितलंय, म्हणून नकली मालाची मला मनापासून चीड आहे. आता मी जालन्याला एका बँकेत नोकरी करते.

मागच्या वर्षी आम्ही घरचे नऊजण बँकॉक-पट्टायाला गेलो. गाइडनं बस एका दुकानासमोर थांबवली. तिथं माझ्या नणंदेनं साडेनऊ हजार बाथची (बाथ म्हणजे तिथलं चलन) पर्स घेतली आणि तिच्या मुलानं स्विस कंपनीचं म्हणून एक घड्याळ. दोन्ही नकली निघालं. भाच्याचे पैसे परत आले, नणंदेचे नाही. दुकान एक, दिवस एक, दोघांनी पैसेही कार्डानंच दिले होते. फरक बिलात होता.

भाचा घड्याळ घेत होता तेव्हा मी शेजारी उभी होते. मी विक्रेत्याला म्हटलं, बिलावर कंपनीचं नाव, मॉडेल आणि ‘ओरिजिनल’ हा शब्द लिहा, खाली शिक्का मारा. त्यानं जरा कुरकुर केली, पण लिहून दिलं. नणंद तोवर दुसऱ्या काउंटरवर पैसे देऊन मोकळी झाली होती. तिच्या बिलावर एवढंच होतं: लेदर बॅग, एक नग. नंतर कुणाला काय सांगणार? बॅग सांगितली होती, बॅग मिळाली.

म्हणून पैसे द्यायच्या आधी बिल लिहून घ्या. लिहायला नकार आला तर कार्ड खिशात ठेवा आणि बाहेर पडा, मग गाइड काहीही म्हणो. गाइडच्या ‘आपल्या माणसांना खास सूट’ या शब्दावर जाऊ नका. लुई व्हिटॉनसारख्या कंपन्या नवा माल फक्त स्वतःच्या दुकानांत आणि स्वतःच्या वेबसाइटवर विकतात. तो दुसरीकडं ‘सवलतीत नवा’ मिळत असेल तर तिथंच ओळखायचं. कंपनीच्या वेबसाइटवर त्या शहरातल्या दुकानांचे पत्ते असतात. हॉटेलातून निघायच्या आधी दोन मिनिटं बघून घ्या. बँकॉकमध्ये कुणी रिक्षावाला ‘आज राजवाडा बंद आहे, चला हिऱ्या-माणकांच्या सरकारी सेलला’ म्हणाला तर बसू नका. ही तिथली जुनी, सगळ्यांना ठाऊक असलेली फसवणूक आहे.

रोख देऊ नका. रोखीच्या व्यवहाराला नंतर कुणी वाली नाही. क्रेडिट कार्ड वापरा. निघण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये परदेशी व्यवहार चालू करा आणि मर्यादा घालून ठेवा. मशीनवर ‘रुपयात की बाथमध्ये’ असं विचारलं तर तिथलंच चलन निवडा, रुपयात घेतलं तर दर महाग पडतो. दुकानाची पाटी आणि किमतीचं लेबल यांचा फोटो काढा. तिथं असतानाच शंका आली तर त्याच दिवशी परत जा. थायलंडमध्ये पर्यटक पोलिसांचा नंबर 1155 आहे.

एक गोष्ट स्पष्ट सांगते. ‘फर्स्ट कॉपी’ आहे हे माहीत असून घेतलं असेल तर फसवणुकीची तक्रार करता येत नाही. मागितलं तेच मिळालेलं असतं. आणि युरोपात अशी खरेदी आणखी महागात पडते. इटलीत रस्त्यावर चादर पसरून पर्स विकणाऱ्याकडून घेतली तर घेणाऱ्यालाच 300 ते 7,000 युरो दंड होऊ शकतो. फ्रान्समध्ये नकली माल नुसता जवळ बाळगला तरी कस्टम्सवाले जप्त करतात, वर दंड.

आता घरी आल्यावरचं. भाच्याच्या घड्याळाचा सेकंदकाटा ठक-ठक उड्या मारायला लागला; तसल्या ऑटोमॅटिक, म्हणजे बॅटरीशिवाय चालणाऱ्या, घड्याळाचा काटा सलग सरकतो. आम्ही ते कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला नेलं आणि आतलं यंत्र त्यांचं नाही असं लेटरहेडवर लिहून घेतलं. मग कार्ड देणाऱ्या बँकेकडं ‘डिस्प्यूट’ टाकला, म्हणजे व्यवहाराला हरकत घेऊन पैसे परत मागितले. व्हिसा आणि मास्टरकार्ड, दोन्हींच्या नियमांत नकली माल हे पैसे परत मागायचं स्वतंत्र कारण आहे. त्यासाठी साधारण 120 दिवसांची मुदत असते, म्हणून ‘दिवाळी झाली की बघू’ असं करू नका. अर्जाला बिल, फोटो, ते पत्र आणि दुकानदाराला पाठवलेला ईमेल जोडा. दुकानदारानं उत्तर दिलं नाही तरी ईमेल पाठवलेला असावा.

भाच्याची बँक वेगळी होती. काउंटरवर त्याला सांगितलं गेलं, ‘परदेशातल्या व्यवहाराचं काही होत नसतं.’ तो हिरमुसून घरी आला. मी त्याला परत पाठवलं आणि तक्रार क्रमांक मागायला लावला. बँकेनं 30 दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं ऑनलाइन तक्रार करता येते, तीही फुकट. एवढं सांगितल्यावर अर्ज पुढं सरकला. दोन महिन्यांनी पैसे जमा झाले.

परदेशातल्या दुकानदाराला इथल्या ग्राहक आयोगापुढं खेचणं अवघड आहे. टूर कंपनीचं तसं नाही. दुकान कार्यक्रमपत्रिकेत होतं, किंवा गाइडनं मालाची हमी दिली, तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्याच जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते. दोन वर्षांची मुदत, आणि मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून विचारा. नणंदेची तक्रार आता याच वाटेनं चाललीय. गाइडनं बसमध्ये केलेली जाहिरात एका पुतण्याच्या व्हिडिओत सापडली, म्हणून.

ती मध्ये म्हणाली होती, “वहिनी, भिशीतल्या कुणाला तरी देऊन टाकते, निदान अर्धे तरी निघतील.” मी तिला हात जोडून थांबवलं. नकली माल विकणं हा ट्रेडमार्क कायद्यानं गुन्हा आहे, कमीत कमी सहा महिन्यांची कैद लिहिलेली आहे. शिवाय ती पर्सच आता आपला पुरावा आहे. तिनं ती बिलासकट उशीच्या अभ्र्यात गुंडाळून कपाटात ठेवलीय.

पुढच्या महिन्यात आमच्या गल्लीतले सातजण दुबईला चाललेत. त्यांच्या मोबाइलवर मी एकच वाक्य पाठवलंय, दुकानात तसंच वाचून दाखवायचं: ‘प्लीज राइट ब्रँड नेम, मॉडेल अँड ओरिजिनल ऑन द बिल.’