मुलांचं मन जपायचंय? आधी जेवतानाची भांडणं थांबवा

अमुक बिया खायला घाला, तमुक पावडर दुधात टाका, मूल लगेच शांत आणि आनंदी, असले सल्ले वाचून मला आता खरंच राग येतो. कुठल्याही एका पदार्थाने मुलाची चिडचिड किंवा उदासी जात नाही, फरक पडतो तो रोजच्या वेळांनी आणि घरातल्या वातावरणाने. दोन मुलं वाढवताना जे टिकलं तेवढंच सांगते.

1. झोप. 6 ते 12 वर्षांच्या मुलाला 9 ते 12 तास, त्यापुढे 18 पर्यंत 8 ते 10 तास. उठायची वेळ पक्की ठेवा, सुट्टीच्या दिवशीपण. रात्री सगळ्यांचे फोन झोपायच्या खोलीबाहेर चार्जिंगला, तुमचापण.

2. रोज 60 मिनिटं दम लागेल असं खेळणं. क्लास लावायची गरज नाही.

3. सकाळी उपाशी पाठवू नका आणि एनर्जी ड्रिंक घरात आणूच नका, कॅफीन कित्येक तास अंगात राहतं आणि झोपेची वाट लावतं.

4. दिवसातून एकदा तरी एकत्र जेवण. हे वाचायला सोपं वाटतं पण माझं सगळ्यात जास्त इथेच चुकलं. मी "अजून दोन घास", "भाजी संपल्याशिवाय गोड नाही" असं रोज करायचे आणि त्यातच आज शाळेत काय झालं, मार्क किती, हेपण विचारून घ्यायचे. मुलगी जेवायच्या नावानेच रडवेली व्हायला लागली, पोट दुखतंय म्हणायची, आणि मी महिनोन्‌महिने पोटाचीच औषधं शोधत बसले, पोटाचं काहीच नव्हतं हो, तिला त्या ताटासमोर बसायचीच धास्ती होती.

मग नियम उलटा केला. काय बनवायचं, कधी आणि कुठे जेवायचं हे मोठ्यांनी ठरवायचं, किती खायचं आणि खायचं की नाही हे मुलाने. बस्स. ताटात एक तरी पदार्थ त्याच्या सवयीचा ठेवा, नवीन काही असेल तर शेजारी थोडंसं वाढा आणि गप्प बसा. नवीन चव पटायला कधीकधी 10-15 वेळा ते समोर यावं लागतं, आपण तिसऱ्यांदाच हार मानतो. आणि नाही खाल्लं तर लगेच दुसरं काही बनवून देऊ नका, पुढच्या खाण्याची वेळ ठरलेली आहे ना, तोवर थांबेल.

पहिले काही दिवस मूल फारच कमी खाईल, तेव्हा तुमचा जीव वरखाली होईल, आणि नेमकं तेव्हाच घरातलं कुणीतरी येऊन भरवायला लागेल. त्यांना आधीच बाजूला घेऊन सांगून ठेवा. वजन, जाडी, बारीकपणा यावर जेवताना एक अक्षर नको, स्वतःच्या वजनावरपण नको. मार्कांची चौकशीपण बंद, तुमच्या दिवसात काय झालं ते सांगा. आमच्याकडे तीनेक आठवड्यांनी ती आपणहून बोलायला लागली, मधल्या सुट्टीत तिला कुणी खेळायला घेत नाही हे मला तेव्हा कळलं.

5. मूल सतत थकलेलं, फिकट, चिडकं दिसत असेल तर डॉक्टरांना विचारून रक्त तपासून घ्या, लोह कमी असलं तरी असंच दिसतं. लोहाच्या गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने देऊ नका, जास्त झाल्या तर मुलांना विषबाधा होते.

आणि दोन आठवडे झाले तरी मूल उदास आहे, खेळ सोडलाय, झोप किंवा भूक पार बदललीय, तर घरगुती उपाय पुरे, डॉक्टरांकडे जा. मरायच्या किंवा स्वतःला इजा करायच्या गोष्टी बोललं तर त्याच दिवशी जा, आणि तोवर त्याला एकटं सोडू नका.